स्वस्त गिटारवर करून बघण्यासारखे तारांचे प्रयोग

अडीच ते चार-पाच हजारांत मिळणाऱ्या गिटारबद्दल सगळ्यांची तक्रार एकच: तारा फ्रेटबोर्डपासून फार वर असतात, एफची कॉर्ड धरताना बोटं सोलवटून निघतात. तक्रार रास्त आहे. पण वेगळ्या तारा लावून, वेगळ्या सुरात मिळवून बघायला हीच गिटार एक नंबर. महागाच्या गिटारवर असले उद्योग करताना हात कचरतो. इथे नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) घासला गेला, ब्रिजवर ओरखडा आला, तर आला. शिवाय पुढे सांगितलेल्या एका प्रयोगाला तारा उंच असलेल्याच लागतात.

नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई ट्युनिंगमध्ये चार-सहा कॉर्ड येतात आणि तार स्वतः बदलायची तयारी आहे, एवढं गृहीत धरलंय. सगळ्यांत बारीक ती पहिली तार, सगळ्यांत जाड ती सहावी.

आधी गिटार नीट बघा

गिटार कुठल्या तारांसाठी बनवलीय, हे सगळ्यांत आधी ठरवा. मान रुंद, डोक्याला दोन लांब खाचा आणि ब्रिजला तारा गाठ मारून बांधलेल्या असतील तर ती नायलॉनची गिटार. तिच्यावर पोलादी तारा कधीही चढवू नका. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण चाळीस किलोच्या आसपास असतो. पोलादी १२ च्या सेटचा सत्तर किलोच्या वर जातो. (१२ चा सेट म्हणजे ज्याची पहिली तार ०.०१२ इंच जाड आहे तो.) दुकानात कुणी ‘चालतंय हो’ म्हणालं तरी चालत नाही. आज ना उद्या ब्रिज उखडतो.

पोलादी तारांच्या गिटारमध्ये दोन प्रकार सापडतील. एकात ब्रिज लाकडावर चिकटवलेला असतो आणि तारांची टोकं त्याच्या भोकांत पिनांनी अडकवतात. जुन्या धाटणीच्या देशी गिटारमध्ये मात्र तारा बुडाशी स्क्रूने बसवलेल्या पत्र्याच्या टेलपीसला अडकवलेल्या असतात, आणि ब्रिज नुसता तारांच्या दाबावर उभा असतो. हा दुसरा प्रकार हाताशी असेल तर सगळ्या तारा एकदम काढू नका, ब्रिज जागचा हलेल. ब्रिजच्या चारी बाजूंनी पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा आणि मगच हात घाला.

सुटा ब्रिज ही प्रयोगासाठी सोयच आहे. जाडी बदलली की तार दाबल्यावर किती बेसूर होते तेही बदलतं, आणि ते ब्रिज सरकवून सुधारता येतं. बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा लागला तर ब्रिज टेलपीसकडे सरकवा, उतरलेला लागला तर मानेकडे. एकेका मिलिमीटरने, तार थोडी सैल करून.

चिकटवलेल्या ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड घालून बघा. कार्ड आत शिरत असेल तर गोंद सुटायला लागलाय. अशा गिटारवर फक्त तारांचा सूर उतरवण्याचे प्रयोग करा.

ताणाचा हिशोब

तार एक सेमीटोन, म्हणजे एका फ्रेटइतकी चढवली की तिच्यावरचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. दोन सेमीटोन चढवली की २६ टक्क्यांनी. उतरवताना दोन सेमीटोनला २१ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून शक्य तिथे तार उतरवायची, चढवायची नाही. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ ही म्हण इथे शब्दशः घ्या, कारण पोलादी तार तुटते तेव्हा तोंडाच्या दिशेने येते. तार चढवताना चेहरा बाजूला ठेवा. चष्मा असेल तर उत्तमच.

ओपन ई नावाचं एक लोकप्रिय ट्युनिंग आहे. त्यात तीन तारा चढवाव्या लागतात. त्याच्या वाटेला जाऊ नका. पुढे दिलेलं ओपन डी लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) टाका, तेच सूर मिळतात.

उतरवलेली तार लिबलिबीत होते, फ्रेटला घासून खरखरते. दोन सेमीटोन उतरवून पहिल्याइतकाच ताण हवा असेल तर तार सुमारे १२ टक्के जाड घ्यावी लागते: ०.०१२ च्या जागी ०.०१३ किंवा ०.०१४. उलट बाजूने मात्र बहुतेकांची फसगत होते. त्यांना वाटतं, तार बारीक घेतली की हवी तितकी चढवता येईल. तसं होत नाही. लांबी तीच असेल तर साधी पोलादी तार कुठल्या सुराला तुटणार हे जवळजवळ पोलादाच्या ताकदीवर ठरतं, जाडीवर नाही. बारीक तारेला ताण कमी लागतो, पण तिची सहनशक्तीही त्याच प्रमाणात कमी असते.

सामान फारसं लागत नाही: मोबाइलवरचं ट्युनर, कापायला आणि वाकवायला नाकपक्कड, मऊ शिसाची पेन्सिल. पेन्सिलीचं शिसं नटच्या खाचांत घासलं की तार अडकत नाही. अडकणारी तार ‘टक्’ आवाज करत एकदम उडी मारते आणि आपण बिचाऱ्या खुंट्यांना दोष देतो.

पैसा न खर्चता: फक्त खुंट्या फिरवून

सुरुवात ड्रॉप डीपासून. सहावी तार ईवरून डीवर आणा. चौथी तार डीच आहे. दोन्ही एकत्र छेडून खालचा सा आणि मधला सा एकजीव होईपर्यंत उतरवत राहा. झालं.

आता पहिली तारही ईवरून डीवर आणा (ती चौथीच्या एक सप्तक वर), आणि दुसरी बीवरून एवर (ती पाचवीच्या एक सप्तक वर). हे डी-ए-डी-जी-ए-डी, गिटारवाल्यांच्या बोलीत ‘डॅडगॅड’. इंग्लंडचा गिटारवादक डेव्ही ग्रॅहम याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते रूढ केलं, असं मानतात. मोरोक्कोतल्या मुक्कामात ऐकलेल्या ऊद या अरबी तंतुवाद्याच्या साथीला काहीतरी जुळवता यावं, ही त्यामागची खटपट. आपल्या कानाने ऐकलं तर सहावीपासून पहिलीपर्यंत ते असं आहे: सा प सा म प सा. म्हणजे पेटीच्या पट्ट्यांत सा पांढरी दोन. कॅपो पहिल्या फ्रेटवर गेला की काळी दोन, दुसऱ्यावर पांढरी तीन.

यात ग नाही, म्हणून मोकळ्या तारा छेडल्या तरी ते धड मेजरही वाटत नाही, धड मायनरही नाही. पहिल्या तारेवर ०-२-५-७-९-१२ असे फ्रेट चढत जा आणि बाकीच्या तारा मोकळ्या वाजत ठेवा: सा रे म प ध सां, दुर्गा रागाचे सूर. दुर्गात म जोरकस असतो, त्यामुळे तिसरी तार गुणगुणत राहिली की शोभते. याच ट्युनिंगवर भूप वाजवायला जाल तर हीच तार सारखी आडवी येईल, कारण भूपात म नाहीच.

भूपासाठी तिसरी तार जीवरून अर्धा स्वर खाली, एफ शार्पवर घ्या. चौथी तार चौथ्या फ्रेटवर दाबली की नेमका तोच सूर मिळतो. झालं ओपन डी: सा प सा ग प सा. आता पहिल्या तारेवर ०-२-४-७-९-१२. इथे एक गंमत करून बघाच. तिसरी तार ट्युनरवर बरोबर हिरव्या दिव्यावर आणा, मग सगळ्या तारा एकदम छेडून कान द्या. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला ग किंचित चढा वाटेल. वाटणं बरोबर आहे: ट्युनरचा ग शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो (शंभर सेंट म्हणजे एक सेमीटोन). खुंटी केसभर उतरवा. एका जागी येऊन सगळा आवाज स्थिरावतो. फ्रेटवर दाबलेले ग मात्र चढेच राहणार. त्याला इलाज नाही, निदान गिटार उभी धरून वाजवताय तोवर.

तिसरं ओपन जी. नेहमीच्या ट्युनिंगवरून सहावी डी, पाचवी जी, पहिली डी: डी-जी-डी-जी-बी-डी. सा आता पांढरी पाच, आणि तारा प सा प सा ग प. हवाईत ‘स्लॅक की’ म्हणजे सैल सोडलेल्या तारांची वादनशैली आहे. तिथलं हे अगदी घरगुती ट्युनिंग, टॅरो पॅच या नावाचं. टॅरो म्हणजे अळू. यात एक अडचण आहे: सगळ्यांत खाली सा नसून प येतो आणि कॉर्ड थोडी अधांतरी वाटते. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने त्यावर सरळ सहावी तारच काढून टाकली आणि पाच तारांवर वाजवत राहिला. तुम्हीही काढून बघा. एक बोट आडवं टाकलं की मेजर कॉर्ड: पाचव्या फ्रेटवर सी, सातव्यावर डी.

बारा तारांचा सेट फोडून

बारा तारांच्या गिटारचा १० चा सेट विकत घ्या. त्यात वरच्या दोन तारांच्या एकसारख्या जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांत एक जाड आणि एक तिच्या सप्तकभर वरची बारीक. सेट फोडला की दोन सेट होतात. जाड अर्धा १०, १४, २३, ३०, ३९, ४७ च्या आसपासचा असतो, तो दुसऱ्या गिटारला लावा. उरलेला १०, १४, ९, १२, १८, २७ असा, तो या गिटारला. याला नॅशव्हिल स्ट्रिंगिंग म्हणतात. पहिल्या दोन तारा नेहमीच्या सुरात, पुढच्या चार एक सप्तक वर.

बोटं नेहमीचीच, कॉर्ड नेहमीच्याच, पण आवाज टिणटिणीत, संतूरच्या जवळपास जाणारा. एकटी ऐकली तर ही गिटार पोकळ वाटते. नेहमीची गिटार वाजवणारा मित्र शेजारी बसवा आणि दोघांनी तीच कॉर्ड धरा. बारा तारांची गिटार वाजतेय असा भास होतो, फक्त अर्धी डावीकडून आणि अर्धी उजवीकडून. मोबाइलवर दोन ट्रॅक चढवून एकट्यालाही हे जमतं.

काळजी फक्त ९ च्या तारेची. ती आता पहिल्या तारेपेक्षाही वरच्या सुरात असते: पहिली ३३० हर्ट्झच्या आसपास, ही ३९२. तुटण्याच्या सीमेच्या बरीच जवळ. सगळ्यांत शेवटी चढवा, हळूहळू चढवा, आणि जीच्या वर एक घरही नेऊ नका. ट्युनरने चुकून वरचं सप्तक दाखवलं तर यंत्राचं ऐकू नका, शेजारच्या तारेचं ऐका.

गळाची दोरी

पोलादी गिटारवर नायलॉन लावायला हरकत नाही, ताण कमीच होतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात मासेमारीच्या सामानाच्या दुकानात एकपदरी नायलॉन दोरी रिळावर मिळते. क्लासिकल गिटारच्या पहिल्या तारेची जाडी ०.७ मिलिमीटर, दुसरीची ०.८ च्या किंचित वर, तिसरीची १ मिलिमीटर. याच मापांच्या दोऱ्या आणा. जुन्या पोलादी तारांच्या टोकाचे पितळी मणी जपून ठेवलेले असतील तर दोरी त्यांत ओवून दुहेरी गाठ मारा, नाहीतर ती पिनेखालून सटकते. दोरी दोन दिवस ताणतच राहणार. ट्युनर घेऊन वैतागत बसू नका, येता-जाता खुंटी फिरवा. आवाज बसका येतो. पोलादी गिटारची पाटी जास्त ताणासाठी बनवलेली असते, नायलॉनने ती फारशी हलत नाही. रात्री घरचे झोपल्यावर वाजवायला मात्र यासारखं दुसरं काही नाही.

तंबोऱ्यासारखी

ओपन डीमधली तिसरी तार काढा आणि तिच्या जागी आणखी एक डी लावा. चौथ्या तारेइतकीच जाड तार तिसऱ्या खाचेत बसत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या १० च्या सेटमधली २६ ची तार सुटी मिळाली तर ती बहुतेक बसते. आता पाचवी, चौथी, तिसरी, सहावी या क्रमाने सावकाश छेडत राहा: प, सा-सा ही जोड, मग खर्ज. जोडीतल्या दोन तारा तंतोतंत मिळवून झाल्यावर एकीला अगदी नकळत ढील द्या, लाटा ऐकू येतील.

जवारीची, म्हणजे तंबोऱ्याच्या त्या झंकाराची, अपेक्षा मात्र ठेवू नका. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची रुंद घोडी घासून तिला सूक्ष्म बाक देतात, तार त्या बाकावर निसटती टेकते आणि खालचं सूत सरकवून जवारी खुलवतात. गिटारच्या सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीची, कड जेमतेम तीन मिलिमीटर. तरी हौस असेल तर जुन्या प्लॅस्टिक कार्डाची बोटभर पट्टी सॅडलला खेटून तारांखाली अशी बसवा की तारा तिला पुसट घासतील. मिलिमीटरच्या अंशाने पुढे-मागे करत बसावं लागतं. जमलं तर झंकार, नाही जमलं तर माशी गुणगुणल्यासारखा आवाज.

गिटार मांडीवर आडवी

माझ्या मते स्वस्त गिटारचं खरं सोनं होतं ते इथे. तारा उंच असणं हा एकदम गुण ठरतो, फ्रेट झिजलेले असले तरी फरक पडत नाही, मान थोडी वाकलेली असली तरी चालते, कारण तारा फ्रेटवर दाबायच्याच नसतात.

तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवण्याची ही पद्धत हवाईतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूने ती रुळवली, असं मानलं जातं. आपल्याकडे ती आली आणि ‘हवाईयन गिटार’ म्हणून घराघरांत गेली, ती मुख्यतः बंगालात. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर रागसंगीत मांडलं. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे ती सगळीकडे पोहोचली. पुढे विश्वमोहन भट्टांनी तरफेच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडून मोहनवीणा केली, आणि १९९४ साली त्यांना अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबर ग्रॅमी मिळालं. तरफा लावायला निघू नका. मानेला ज्यादा खुंट्यांची भोकं पाडली की स्वस्त लाकूड चिरतं.

आधी नटपाशी तारा उचला. नटवर टोपीसारखा बसणारा धातूचा एक्स्टेंडर काहीशे रुपयांत मिळतो. नाही मिळाला तर नटलगत तारांखाली जाड ॲलन की आडवी सरकवा. तारा फ्रेटबोर्डपासून आठ-दहा मिलिमीटर वर आल्या पाहिजेत. १३ चा सेट घ्या आणि ओपन डीमध्ये लावा. एवढ्या उतरवल्यावर १३ चा ताण नेहमीच्या १२ च्या सेटएवढाच साधारण भरतो.

डाव्या हातात टोन बार, म्हणजे ती पोलादी कांडी. सुरुवातीला पान्याच्या सेटमधला गुळगुळीत लांब सॉकेटही चालतो. उजव्या अंगठ्याला प्लॅस्टिकचं थंबपिक. सतारीची नखी घरात असेल तर ती तर्जनीला घाला.

बार दाबायचा नाही, ठेवायचा. बारचं वजन पुरतं. सूर दोन फ्रेटच्या मधे मिळत नाही, थेट फ्रेटच्या पट्टीच्या डोक्यावर मिळतो. मांडीवरच्या गिटारकडे आपण तिरकं बघतो, म्हणून बार बरोबर पट्टीवर आहे असं दिसतं आणि प्रत्यक्षात तो पुढे-मागे असतो. एकदा मान वाकवून सरळ वरून बघा, मग डोळे मिटून कानाने. बारच्या मागच्या बाजूला तारांवर बाकीची बोटं हलकी टेकवून ठेवा. हे केलं नाही तर बारच्या मागचा तारेचा तुकडाही वाजतो आणि सगळं किरकिरं होतं. नव्या माणसाचं वादन बेसूर वाटतं त्याचं निम्मं कारण हे असतं.

आता पहिल्या तारेवर भूप: मोकळा सा, मग बार २, ४, ७, ९, १२ वर. नीट लागायला लागलं की चौथ्यावर ग छेडा आणि तार पुन्हा न छेडता बार सातव्यापर्यंत ओढा. ग ते प मींड. वाटेत कुठे थांबायचं नाही, घाईही करायची नाही. आणि मघाशी उभ्या गिटारवर न सुधारणारा तो चढा ग? इथे बार पट्टीच्या जेमतेम अलीकडे घ्या. लागला.

परत येताना

पावसाळ्यात लाकूड फुगतं, पोलादी तारांना गंज चढतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने खालून-वरून पुसा. नॅशव्हिल किंवा नायलॉन बरेच दिवस लावून ठेवलं तर मान कमी ताणाला सरावते. थोडी मागे झुकते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर खरखर ऐकू येते. मग १२ चा सेट एका बैठकीत पूर्ण सुरात आणू नका. सगळ्या तारा आधी सुराच्या दोन सेमीटोन खाली आणा, गिटार रात्रभर तशीच ठेवा, दुसऱ्या दिवशी चढवा. सुट्या ब्रिजची गिटार असेल तर पेन्सिलीच्या खुणांवर ब्रिज परत आणून बाराव्या फ्रेटची तपासणी पुन्हा करा. सॅडलपाशी घातलेली प्लॅस्टिकची पट्टी काढायला विसरू नका.